बाणाचा टेकू : एकलव्याच्या अंगठ्यापासून चिंचोटीच्या रानापर्यंत

१

आधुनिक धनुष्य विकत घेणाऱ्याचे काम धनुष्य निवडले म्हणजे संपत नाही. बाणाची शेपटी दोरीत बसवल्यावर त्याचा पुढचा भाग ज्या जागी विसावतो, ती जागाही त्याला स्वतंत्रपणे निवडावी लागते. दांड्याला जोडायच्या या लहानशा वस्तूला आपल्याकडचे प्रशिक्षक आणि खेळाडू मराठी बोलतानाही 'ॲरो रेस्ट'च म्हणतात. मराठीत तिला नाव नाही. या लेखापुरते आपण तिला बाणाचा टेकू म्हणू.

धनुष्याने शिकार करणे जिथे कायदेशीर आहे अशा देशांत, विशेषतः अमेरिकेत, या टेकूच्या निवडीवर शिकारी मंडळी तासन्‌तास वाद घालू शकतात. एका प्रकारात राठ केसांचे गोल कडे असते. बाण त्या केसांच्या मधोमध अडकून राहतो. शिकारी सरपटला, वाकला, झाडावर ताटकळत बसला तरी तो घसरत नाही. मात्र सुटताना बाणाची पिसे त्या केसांना घासतात आणि वेग थोडा कमी होतो. दुसऱ्या प्रकारात दोरी ओढताच टेकू वर उचलला जातो आणि दोरी सोडताच खाली पडतो. पिसांना काहीच लागत नाही. पण हलणारा भाग आला की तो अडकण्याची आणि आवाज करण्याची धास्ती आली. तिसरा प्रकार पोलादाच्या पातळ पट्टीचा. तो लक्ष्यवेधाच्या मैदानावर उत्तम, रानात मात्र बाण त्यावरून सहज निसटतो. या सगळ्या कारागिरीच्या मुळाशी एकच पेच आहे. बाण सुटेपर्यंत त्याला घट्ट धरायचे आणि सुटण्याच्या क्षणी त्याच्या वाटेतून पूर्णपणे बाजूला व्हायचे. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. हलत्या जनावरामागे फिरणारा शिकारी पहिलीला झुकते माप देतो, मैदानावरचा खेळाडू दुसरीला.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेले चिंचोटी हे गाव बहुतेकांना पावसाळ्यातल्या धबधब्यामुळे ठाऊक असते. वसई तालुक्याच्या या पूर्वपट्टीत वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत आणि या समाजांच्या जुन्या जीवनात तिरकमठ्याला जागा होती. त्या कामठ्याला टेकू नव्हता. संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेला बांबूचा कामठा पाहणाऱ्याला त्यात उणीव दिसते : साधा दांडा, साधी दोरी, नेम धरायला खूण नाही, बाण ठेवायला जागा नाही. परंतु आधुनिक शिकाऱ्याचा जो पेच आपण वर पाहिला, तोच चिंचोटीच्या रानातल्या शिकाऱ्यापुढेही होता. आणि त्याने तो सोडवलेला होता. त्याचे उत्तर संग्रहालयाच्या कपाटात दिसत नाही, कारण ते त्याच्या डाव्या हातात होते.

२

बाण टेकतो तो धनुष्य धरलेल्या मुठीवर. या मुठीला वस्तू म्हणून पाहिले तर तिचे गुण लक्षात येतात. ती हवी तशी वर-खाली सरकते. बाण जाड-बारीक असला तर आपोआप जुळवून घेते. उकिडवे बसून धनुष्य आडवे धरायचे असेल तर तीही आडवी होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दबा धरून बसलेला शिकारी तर्जनी उचलून बाणावर ठेवू शकतो. त्या बोटाखाली बाण हलत नाही, आणि दोरी ओढताना बोट बाजूला घेतले की वाट मोकळी होते. उचलला जाणारा आणि वेळेवर दूर होणारा टेकू म्हणजे नेमके हेच. यंत्राच्या धनुष्याने तो स्प्रिंग आणि दोऱ्या लावून विसाव्या शतकात मिळवला.

मग बांबूच्या दांड्यात एखादी खाच पाडून बाणाला कायमची जागा का केली नाही? याचे उत्तर बांबूतच आहे. बांबूचा जोर त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या उभ्या, अखंड तंतूंत असतो. मधोमध खाच पाडली की हे तंतू तुटतात आणि दांडा पूर्ण ताणात तिथेच मोडण्याची भीती असते. लाकडाचे, धातूचे किंवा काचतंतूचे धनुष्य मध्यभागी जाड ठेवून त्यात बाणासाठी खिडकी कोरता येते. चिरलेल्या बांबूच्या कामट्याला ते सोसत नाही. शिवाय टेकू नसलेला कामठा वर-खाली फिरवून धरता येतो. एक टोक दुसऱ्यापेक्षा अधिक वाकू लागले तर उलटे धरावे. म्हणजे जिला आपण उणीव समजलो ती सामग्री जाणून केलेली निवड होती.

या निवडीची किंमतही होती. बाण सरळ निघत नाही. दोरीचा धक्का बसताच तो काडीसारखा वाकतो, दांड्याला वळसा घालून जातो आणि पुढे जाऊन सरळ होतो. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमनसारख्या संशोधकांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे वाकणे डोळ्यांना दाखवून दिले. बाण फार ताठ असेल तर तो दांड्यावर आपटून बाजूला जातो, फार लवचीक असेल तर दुसरीकडे भरकटतो. टेकू मधोमध बसवलेल्या धनुष्यात हा दोष पुष्कळसा दुरुस्त होतो. मुठीवरून बाण मारणाऱ्याला मात्र प्रत्येक काडी हातात वाकवून, पारखून घ्यावी लागते. पिसाची कड मुठीला घासते, कधी कातडी सोलते. या विद्येचा हिशोब शेवटी शरीरावरच मांडला जातो.

३

मूठ म्हणताना आपण एक प्रश्न मोघम ठेवला. मुठीच्या कोणत्या बाजूला? धनुष्य डाव्या हातात असेल तर बाण दांड्याच्या उजव्या अंगाला, डाव्या अंगठ्यावर टेकवता येतो. किंवा डाव्या अंगाला, तर्जनीच्या पेरावर टेकवता येतो. ही बाजू मर्जीने ठरत नाही. ती उजवा हात ठरवतो.

दोरी ओढण्याच्या दोन मुख्य रीती जगभर दिसतात. एकीत दोरी अंगठ्याने अडकवून ओढतात आणि अंगठ्यावर तर्जनीची गाठ मारतात. तुर्क, इराणी, मोगल, मंगोल, चिनी यांची ही रीत. अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून त्यात अंगठी घालत. या पकडीत तर्जनीचा दाब बाणाला आतल्या बाजूस, म्हणजे दांड्याकडे लोटतो. म्हणून बाण दांड्याच्या उजव्या अंगाला, डाव्या अंगठ्यावर स्थिर राहतो. दुसऱ्या रीतीत दोन किंवा तीन बोटांनी दोरी ओढतात. बोटांचा पीळ उलटा असल्यामुळे बाण डाव्या अंगाला, तर्जनीच्या पेरावर ठेवावा लागतो. तसे केले नाही तर ओढता ओढताच तो दांड्यापासून सुटून लोंबतो. थोडक्यात, उजव्या हाताचा अंगठा वापरात आहे की नाही यावर डाव्या हातातला टेकू अवलंबून आहे.

हे ध्यानात ठेवून आदिपर्वातली एकलव्याची कथा पुन्हा वाचावी. द्रोणांनी गुरुदक्षिणेत उजवा अंगठा मागितला आणि एकलव्याने तो दिला, इथे आपली पाठ्यपुस्तके थांबतात. महाभारतकार थांबत नाही. त्यानंतर तो निषादपुत्र बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, असे तो लगेच सांगतो. म्हणजे कवीला दोन्ही रीती ठाऊक आहेत, आणि दोहोंतला फरकही. एकलव्य धनुर्विद्या गमावत नाही. तो एका रीतीतून दुसऱ्या रीतीत ढकलला जातो. बाण दांड्याच्या कोणत्या अंगाला होता हे कवीने सांगितलेले नाही, पण हाताची रचना ते सांगते. उजवा अंगठा गेल्यावर डाव्या हातावरचा बाणही जागा बदलणार. वर्षानुवर्षे मातीच्या गुरूसमोर ज्या अंगठ्यावर बाण टेकवून सराव केला तो डावा अंगठा शाबूत असूनही निरुपयोगी झाला. शीघ्रता का गेली, याचे उत्तर या दुहेरी विस्थापनात आहे. एक अवयव कापला गेला आणि दुसऱ्या हाताचे शिक्षण पुसले गेले.

भिल्ल धनुर्धर अंगठा न लावता तर्जनी आणि मध्यमेने दोरी ओढतात, आणि ते एकलव्याच्या स्मरणार्थ, असे सांगितले जाते. बोटांनी ओढण्याची रीत जगभर आहे, तेव्हा तिचा उगम एका कथेत शोधायचे कारण नाही. पण उगम आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे हिरावून घेतले गेले ते आम्ही आपण होऊन वापरत नाही, असे म्हणणारा समाज एका अन्यायाच्या कथेला नियमाचे रूप देतो. मराठीत नेम म्हणजे लक्ष्यावर धरलेली नजर आणि नेम म्हणजे व्रतही. इथे हे दोन्ही अर्थ एका हातात एकत्र येतात.

द्रोणांनी धनुष्य मागितले नाही, ही गोष्टही नीट पाहण्यासारखी आहे. रानात धनुष्य दुसरे करता येते. विद्या कुठे राहते हे आचार्यांना माहीत होते.

४

शास्त्रग्रंथ या हाताविषयी काय सांगतात? अग्निपुराणात धनुर्वेदावर अध्याय आहेत. त्यांत उभे राहण्याच्या पद्धती नावांनिशी येतात : समपाद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ. वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदात दोरी धरण्याच्या पाच मुठी सांगितल्या आहेत : पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्णी, मत्सरी आणि काकतुंडी. या मुठींची वर्णने अंगठा आणि तर्जनी यांच्या परस्परस्थितीवर उभी आहेत. म्हणजे शास्त्राचा धनुर्धर हा प्रामुख्याने अंगठ्याचा धनुर्धर आहे. धनुष्य धरणाऱ्या मुठीचे अधःसंधान, ऊर्ध्वसंधान आणि समसंधान असे तीन प्रकार येतात. टेकू नावाच्या वेगळ्या वस्तूचे प्रकरण नाही, कारण टेकूचे शास्त्र मुठीच्या शास्त्रातच सामावलेले आहे. ही एका दृष्टीने समृद्धीची खूण आहे. वस्तूला एक नाव देण्याऐवजी शरीराच्या स्थितींना अनेक नावे दिली गेली.

आणखी एक शब्द पाहावा. दोरीच्या फटकाऱ्यापासून डाव्या हाताचे रक्षण करणाऱ्या चामड्याच्या पट्ट्याला संस्कृतात गोधा म्हणतात; अमरकोशात हा अर्थ नोंदलेला आहे. महाभारतातले योद्धे गोधा आणि अंगुलित्राण बांधून रणात उतरतात. गोधा या शब्दाचा दुसरा अर्थ घोरपड. क्षत्रियाच्या मनगटावरच्या भूषणाला आणि शिकाऱ्याच्या सावजाला एकच नाव असावे, हा भाषेतला योगायोग नसावा. युद्धकला आणि मृगया यांच्यामधल्या देवाणघेवाणीची ही खूण वाटते.

योद्ध्याच्या शरीरावरच्या खुणांना संस्कृत काव्याने मोठे मोल दिले. दोरीच्या घर्षणाने पडलेला घट्टा हा पराक्रमाचा पुरावा. विराटपर्वात अज्ञातवासाला निघताना अर्जुनाला सर्वांत मोठी अडचण पडते ती हीच. दोन्ही हातांवरच्या दोरीच्या खुणा लपवायच्या कशा? म्हणून तो बांगड्या भरतो आणि बृहन्नडा होतो. वेष पालटता येतो, हात पालटता येत नाही. पण रानातल्या शिकाऱ्याच्या पेरावर पिसांनी पाडलेल्या ओरखड्यांना असे काव्य मिळाले नाही. आपल्या वाङ्मयात निषाद येतो तो बहुधा कुणाच्या तरी दुःखाचे निमित्त म्हणून. रामायणाच्या आरंभी निषाद क्रौंच मारतो आणि शोकाचा श्लोक होतो. तो श्लोक निषादाला दिलेला शाप आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत हरणामागे बाण जोडून येतो. तिथे तपस्वी हात उंचावून त्याला विनवतो की हे आश्रमाचे हरिण आहे, शस्त्र आर्तांच्या रक्षणासाठी असते. राजा बाण उतरवतो आणि आशीर्वाद मिळवतो. निषादाला शाप, निषादपुत्राकडे अंगठ्याची मागणी, राजाला विनंती. तिन्ही प्रसंगांत धनुष्यामागच्या हाताला अडवले जाते, पण अडवण्याची भाषा हात कुणाचा आहे यावर बदलते. साहित्याच्या अभ्यासकाने ही तीन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवीत.

५

शिकार अडवण्याची एक फार जुनी लिखित खूण चिंचोटीपासून वायव्येला अगदी जवळ, सोपाऱ्याला सापडली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. त्याच वर्षी त्यांना तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा तुकडा त्रुटित आहे. पूर्ण आशय गिरनार, शाहबाजगढी वगैरे ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. तो असा : पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत मृगया आणि तशीच इतर करमणूक असे. या राजाने राज्याभिषेकाला १० वर्षे झाल्यावर संबोधीची यात्रा केली, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, त्यांना दान, वृद्धांची भेट, जनपदातल्या लोकांची भेट आणि त्यांच्याशी धर्मचर्चा या गोष्टी येतात.

या लेखाची भाषा बारकाईने पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते. इथे राजा स्वतःची शिकार सोडतो आहे, आणि ती करमणुकीची शिकार आहे. रानात राहणाऱ्याच्या पोटाच्या शिकारीविषयी हा लेख काही बोलत नाही. रानातल्या लोकांविषयी अशोक बोलतो तो तेराव्या लेखात, आणि तिथला सूर वेगळा आहे. राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यापाशी दंडाची शक्ती आहे, याची त्यांना आठवण करून दिलेली आहे. स्वतःच्या विलासाचा त्याग आणि दुसऱ्याला दिलेली ताकीद, अशी दुहेरी परंपरा या राजाज्ञांतून सुरू होते. सोपाऱ्याचा दगड त्यातल्या पहिल्या बाजूचा साक्षीदार आहे, हे वसईकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे.

वसईच्या खाडीपलीकडे, बोरिवलीजवळच्या एक्सर येथे ६ वीरगळ आहेत. ते साधारण ११ ते १३ व्या शतकांदरम्यानचे, शिलाहारकाळातले मानले जातात. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, काहींवर गलबतांची. तिथे धनुर्धर कोरलेले आहेत. म्हणजे अशोकानंतर हजारहून अधिक वर्षांनी या किनाऱ्यावर धनुष्य हे सैन्याचे शस्त्र होते आणि ते धरून मेलेला माणूस स्वर्गात जाताना दाखवण्याजोगा होता. पुढे तोफा-बंदुका आल्या. युद्धातून धनुष्य हळूहळू बाहेर पडले. नेम धरण्याला आपल्याकडे 'शिस्त धरणे' असा जुना प्रयोग आहे. फारसीत शस्त म्हणजे अंगठा आणि तिरंदाजाच्या अंगठ्यातली अंगठीही. बंदुकीच्या काळात शब्द राहिला, अंगठी गेली. सैन्याने टाकून दिलेले हत्यार रानात मात्र चालू राहिले. तिथे ते कधीच सैन्याचे नव्हते.

६

१८८२ हे साल आणखी एका कारणाने आठवते. भगवानलाल सोपाऱ्याला खणत होते त्याच वर्षी जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातल्या वारली, कातकरी आदी समाजांच्या नोंदी त्यात आहेत. त्याच्या चारच वर्षे आधी, १८७८ साली, भारतीय वन कायदा झाला होता. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, सापळे लावणे, पाण्यात विष कालवणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरले. दुसरीकडे साहेब लोकांची आणि संस्थानिकांची बंदुकीची शिकार परवाने घेऊन चालू राहिली. तिला खेळ म्हणत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रानाविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. करमणुकीची शिकार सोडणाऱ्या राजाचा दगड जमिनीतून वर येत होता, आणि त्याच जिल्ह्यात करमणुकीची शिकार सन्मानाने व पोटाची शिकार गुन्हा म्हणून नोंदली जात होती. अशोकाचा लेख इतक्या तंतोतंत उलटा वाचला गेल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

स्वतंत्र भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा भेद मिटवला. बंदी सर्वांना आली, बंदुकवाल्यालाही. ही त्या कायद्याची मोठी नैतिक बाजू आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण कायद्याच्या व्याख्यांत एक ओळ आहे. शस्त्र या शब्दात काय काय येते याची यादी देताना त्यात बंदुका, स्फोटके, विष, जाळी, सापळे यांच्यासोबत धनुष्यबाणही घातलेले आहेत. अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन जाता येत नाही. २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य झाले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. तेव्हापासून या अभयारण्याच्या हद्दीत कामठा घेऊन शिरणे, बाण न मारताही, नियमभंग आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले. त्यातून शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला.

इथे दोन सोपी मते तयार असतात, आणि दोन्ही टाळली पाहिजेत. एक म्हणते की आदिवासी निसर्गाचा पुत्र, त्याला शिकार करू द्या. महामार्ग, वसाहती, खाणी यांच्या कचाट्यात उरलेल्या या लहान रानात बिबट्याला आणि भेकराला जागा हवी असेल तर शिकार थांबली पाहिजे, हे कुणीही सुज्ञ माणूस मान्य करील. पाड्यांवरची माणसेही ते जाणतात. दुसरे मत म्हणते की बरे झाले, एक रानटी प्रथा गेली. हे मत अधिक धोक्याचे आहे, कारण ते रान कुणी संपवले याचा हिशोबच पुसून टाकते. मुठीवर बाण टेकवणाऱ्या माणसाला सावजाच्या फार जवळ जावे लागते, फार वेळ थांबावे लागते आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागते. असल्या हत्याराने डोंगर ओसाड होत नाहीत. बंदी योग्य असू शकते आणि तिच्यामागचा आरोप अन्याय्य असू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे टीकेचे काम आहे.

७

द्रोणांनी हात घेतला आणि धनुष्य सोडले. आपल्या काळाने धनुष्य अडवले आणि हात सोडला. परिणाम मात्र जवळजवळ तोच झाला, कारण वापर नसलेला हात एका पिढीत विसरतो. बाण किती ताठ हवा हे बोटांनी ओळखणे, पिसाची कोणती कड मुठीपासून दूर ठेवायची हे अंधारातही कळणे, तर्जनी कधी उचलायची याचा अंदाज, ही विद्या कुठे लिहिलेली नाही. जिथे ती होती तिथून ती गेली की मागे फक्त बांबू उरतो.

आणि बांबू पुष्कळ ठिकाणी उरला आहे. वारली चित्रांत धनुष्य ओढून उभा असलेला शिकारी दिसतो. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांमुळे १९७०च्या दशकापासून ही चित्रे जगभर गेली. त्या शैलीत हात म्हणजे एक रेघ. मूठ काढण्याची तिथे रीत नाही. चित्र ज्यांच्यासाठी काढले जाई त्यांना मूठ सांगण्याची गरज नव्हती. आपल्याला आहे. मतपत्रिकेवरच्या चिन्हातला धनुष्यबाण तर हाताशिवायच ताणलेला असतो. दुसऱ्या टोकाला, सातारा आणि नागपूर या शहरांनी जगाला दोन विजेते दिले : २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदके जिंकली. १९६६ साली हॉलेस ॲलन यांनी ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता ते हे चक्रांचे धनुष्य मुळात अमेरिकन शिकाऱ्यांत लोकप्रिय झाले आणि मग मैदानावर आले. त्यात टेकू ही स्वतंत्र, मोजून बसवलेली वस्तू आहे. हाताचा गुणदोष बाणापर्यंत पोचू नये हाच तिचा हेतू. या खेळाचे कौतुक करताना हेही कळायला हवे की इथे ज्या गोष्टीला दूर ठेवण्यासाठी इतकी कारागिरी खर्च होते, ती गोष्ट म्हणजे हात, दुसऱ्या परंपरेत सारी विद्या साठवण्याची जागा होती.

साहित्याचा आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी यातून एक काम निघते. वस्तूंच्या नोंदी आपण करतो : लांबी, रुंदी, साहित्य, प्राप्तिस्थान. तिरकमठ्याच्या नोंदीत आणखी एक रकाना हवा. बाण दांड्याच्या कोणत्या अंगाला ठेवत, कोणत्या बोटावर टेकवत, दोरी कशाने ओढत आणि या प्रत्येक क्रियेला त्या बोलीत कोणता शब्द होता. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या बोलींतले हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे म्हातारी आहेत. चिंचोटी, कामण या गावांत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला एका दिवसात जाऊन येता येते. त्यासाठी बाण मारावा लागत नाही. एखाद्या आजोबांना रिकाम्या हाताने धनुष्य धरल्याचा अभिनय करायला सांगावे आणि डाव्या मुठीकडे पाहावे. तर्जनी कुठे जाते, अंगठा कुठे राहतो, तेवढे लिहून घ्यावे. कायद्याने त्याला मज्जाव नाही.